‘गेम सुरू होत नाही’ : एका तक्रारीचा मागोवा

मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या घरात संगणकावरचा गेम सुरू झाला नाही, की मोठ्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘लाइट आहे का?’ लाइट असेल तर ‘वायर नीट बसलीय का बघ’. वायर बसलेली असेल तर ‘बंद करून परत चालू कर’. तेवढ्याने भागले नाही तर गावात संगणकातले कळणारा जो एखादा मुलगा असतो त्याला बोलावणे जाते, आणि मग ड्रायव्हर, डायरेक्टएक्स, अँटिव्हायरस अशी एकेक नावे पुढे येतात. सारे उपाय थकले की शेवटचा निवाडा होतो, ‘विंडोज मारून घे’. हा क्रम कोणी पाटीवर लिहून शिकवलेला नाही, तरी सिद्धगडाखालच्या वाडीपासून कल्याणच्या दुकानापर्यंत तो जवळपास सारखाच आढळतो. सिद्धगडाच्या कड्यावर लाव्हारसाचे थर जसे एकावर एक बसलेले दिसतात, सर्वांत जुना तळाशी, तसाच या प्रश्नांचा ढीग रचला गेला आहे. खालचा प्रश्न आधीच्या शतकातला, वरचा परवाचा. यंत्र का चालत नाही हे तपासताना आपण नकळत यंत्राचा इतिहास पहिल्या पानापासून वाचत असतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या साध्या तक्रारीचा माग काढत आपण थोडे मागे जाऊ.

‘लाइट आहे का?’ हा तळचा थर या प्रदेशाने फार जवळून पाहिला आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी खाली सोडायचे, त्यावर वीज करायची आणि उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून ती मुंबईच्या गिरण्यांना न्यायची, अशी ती योजना. वीज सह्याद्रीच्या घाटात तयार होई आणि मुंबईत वापरली जाई. तारांखालच्या वाड्यांत मात्र पुढची कित्येक दशके रॉकेलचाच दिवा होता. १९४२च्या आंदोलनात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला, आणि नेमके हे मनोरेच लक्ष्य केले. त्या वर्षी सप्टेंबरपासूनच्या महिन्यांत दस्त्याने एकामागून एक मनोरे पाडले, मुंबईकडचा पुरवठा विस्कळीत झाला, कारखाने आणि रेल्वे यांना त्याचा फटका बसला. एवढ्या मोठ्या शहराची यंत्रे एकाच तारेवर लोंबकळत आहेत, हे कोतवालांनी सरकारच्या आधी ओळखले होते. दस्त्याचा मुक्काम सिद्धगडाच्या रानात होता. २ जानेवारी १९४३च्या पहाटे पोलिसांनी तिथेच त्यांना गाठले, आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले. दरवर्षी २ जानेवारीला लोक त्यांच्या स्मारकापाशी जमतात ते त्या बलिदानासाठी. पण यंत्रांच्या इतिहासाचा माग काढणाऱ्यालाही इथे थांबावेच लागते. यंत्र बंद पडल्याचे कारण यंत्राजवळ नसून कितीतरी मैल दूर डोंगरात असू शकते, याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

दूरच्या तारेतला दोष जागेवर बसून कसा ओळखायचा, ही विद्या त्याहून जुनी आहे. ती तारायंत्राने शिकवली. मैलोगणती गेलेली तार कुठेतरी तुटली वा जमिनीला टेकली, तर माणूस धाडून प्रत्येक खांब तपासणे म्हणजे दिवसचे दिवस घालवणे. चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८४३ मध्ये ज्या जोडणीचा प्रसार केला आणि जी आज आपल्याकडे बारावीच्या प्रयोगशाळेत ‘व्हीट्स्टनचा सेतू’ म्हणून मुले मांडतात, तिच्या साहाय्याने तारमास्तर तारेचा रोध मोजत आणि दोष किती अंतरावर आहे ते कचेरीत बसून सांगत. तिची मूळ कल्पना सॅम्युएल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ सालीच मांडली होती. नाव मात्र व्हीट्स्टन यांचे राहिले. मोजमाप शक्य नसेल तेव्हा दुसरी युक्ती असे : तार मधोमध सोडवायची, कोणता अर्धा भाग बोलतो ते पाहायचे, मग उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करायचे. ही अर्धे-अर्धे करण्याची रीत आपण लक्षात ठेवू, कारण पुढे ती वारंवार भेटणार आहे.

आता संगणकाकडे येऊ. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्रातल्या एका रिलेच्या टोकांत अडकून मेलेला पतंग सापडला. तो चिकटपट्टीने वहीत लावला गेला आणि ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. ही गोष्ट गमतीने सांगितली जाते. मला तीत दोन गंभीर गोष्टी दिसतात. एक, दोष हिशेबात नव्हता, दोन धातूंच्या स्पर्शात होता. म्हणजे ‘वायर नीट बसलीय का’ हा आपला दुसरा प्रश्न. दुसरी, दोष सापडताच तो वेळेसह वहीत टिपला गेला. आज गेम कोसळल्यावर त्याच्या फोल्डरमध्ये जी ‘लॉग’ फाइल उरते, ती या वहीचीच वारस आहे.

६ मे १९४९ला केंब्रिजमध्ये ‘एडसॅक’ या यंत्राने पहिला हिशेब केला. हे यंत्र सुरू होणे म्हणजे काय, हा प्रश्न डेव्हिड व्हीलर या तरुणाने ३१ आज्ञांत सोडवला. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या फिरत्या स्विचांवर त्या कायमच्या बसवलेल्या असत. बटण दाबताच त्या स्मृतीत उतरत आणि मग कागदी पट्टीवरचा प्रोग्राम वाचू लागत. रिकाम्या यंत्राने स्वतःच स्वतःला उठवायचे, ही करामत तिथून चालत आली, आणि आपण ‘बंद करून परत चालू कर’ म्हणतो तेव्हा याच करामतीला पहिल्यापासून सुरुवात करायला सांगत असतो. यंत्र मात्र उठले तरी प्रोग्राम चालेलच असे नव्हते. प्रयोगशाळेचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी एअरीच्या समीकरणासाठी लिहिलेल्या जेमतेम सव्वाशे ओळींच्या प्रोग्राममध्ये वीसेक चुका निघाल्या. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव आपल्याला तेव्हा जिन्याच्या वळणावर झाली, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या कामावर एक निबंधच प्रसिद्ध केला : प्रोग्राम एक एक पाऊल चालवावा, प्रत्येक पावलाला काय झाले ते छापून घ्यावे, आणि जिथे छापणे थांबले तिथे बघावे. याच एडसॅकवर १९५२ साली ए. एस. डग्लस या संशोधकाने फुली-गोळ्याचा खेळ चालवून दाखवला. दोष शोधण्याचे शास्त्र आणि पडद्यावरचा खेळ ही दोन्ही भावंडे एकाच खोलीत, एक-दोन वर्षांच्या अंतराने जन्मली, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

महाराष्ट्रात हा थर कुलाब्याला सापडतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला पूर्ण आकाराचा संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्या पिढीच्या यंत्रात नळी उडणे हे नित्याचे. अमेरिकेत एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ यंत्रावर तर मुद्दाम विजेचा दाब कमी-जास्त करून, कच्च्या झालेल्या नळ्या आधीच हुडकून काढण्याची पद्धत बसवली होती. यंत्र चालू करणे आणि यंत्र तपासणे ही तेव्हा दोन वेगळी कामे नव्हती.

हे समजले की १९६२ सालच्या ‘स्पेसवॉर’ची गोष्ट नीट कळते. एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी ‘पीडीपी-१’ या संगणकावर दोन अवकाशयानांची लढाई लिहिली. यंत्र बनवणाऱ्या ‘डिजिटल इक्विपमेंट’ कंपनीच्या तंत्रज्ञांच्या लक्षात आले, की हा खेळ स्मृती, गणित, पडदा, स्विच या सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावतो. म्हणून नवे यंत्र गिऱ्हाइकाकडे पाठवण्यापूर्वी ते या खेळावर पारखले जाऊ लागले. खेळ सुरू झाला, म्हणजे यंत्र धड आहे. पुढच्या साठ वर्षांचे सारे या एका वाक्यात आले. गेम हा संगणकाचा सर्वांत कठोर परीक्षक आहे. पत्र टाइप करताना, हिशेब करताना जो दुबळेपणा लपून राहतो, तो गेम उघडताच चव्हाट्यावर येतो. ‘बाकी सगळं चालतं, फक्त गेम चालत नाही’ ही तक्रार म्हणूनच खोटी नसते, आणि ऐकणाऱ्याने ती हसण्यावारी नेऊ नये.

यानंतरचा काळ घराघरातला. जपानच्या निन्टेंडो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आले. पहिल्या खेपेतल्या यंत्रांत सदोष चिप निघाल्याने कंपनीला ती परत मागवावी लागली. त्याच यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात सामुराई, मीडिया अशा नावांनी आपल्या टीव्हीखाली येऊन बसल्या. काँट्रा, मारिओ, बदकांची शिकार; आणि एका कॅसेटमध्ये लाखो खेळ असल्याची छापील बढाई. खेळ लागला नाही की कॅसेट काढायची, तिच्या पट्टीवर फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा उपाय मुरबाडच्या मुलाला ठाऊक होता, तसा टोकियो आणि न्यूयॉर्कच्या मुलालाही. कोणी कोणाला पत्र लिहून तो कळवला नव्हता. कंपनी तर ‘फुंकू नका’ असे बजावत होती, कारण श्वासातल्या ओलाव्याने धातूची टोके गंजतात. गुण यायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवण्याचा, टोके घासली जाऊन नवा स्पर्श मिळण्याचा. श्रेय मात्र फुंकरीला गेले. अमेरिकेतल्या १९८५च्या आवृत्तीत अनधिकृत कॅसेट रोखणारी एक कुलूप-चिप बसवली होती; तिचा स्पर्श नीट झाला नाही की यंत्र सेकंदासेकंदाला स्वतःला बंद-चालू करी आणि लाल दिवा लुकलुकत राही. आपल्याकडच्या नकलांत ते कुलूप नव्हते. खेळ चालवण्यासाठी आधी आपण अधिकृत आहोत हे सिद्ध करावे लागणे, हा अनुभव आपल्या वाट्याला वीस वर्षे उशिरा आला.

पीसीचा थर १२ ऑगस्ट १९८१पासून सुरू होतो. आयबीएमच्या त्या यंत्राने प्रोग्रामसाठी ६४० केबी स्मृतीची जी सीमा आखली, ती पुढे दहा-बारा वर्षे गेम खेळणाऱ्यांच्या मानगुटीवर बसली. यंत्रात चार एमबी स्मृती असूनही गेम म्हणे ‘जागा अपुरी’, कारण त्याला पहिल्या ६४० केबीतलीच जागा हवी असे आणि तिथे माउस, सीडी, आवाज चालवणारे ‘ड्रायव्हर’ प्रोग्राम आधीच पथारी पसरून असत. मग ‘कॉन्फिग.सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या दोन फाइली उघडून एकेक ओळ बाद करायची. त्यातला शहाणा माणूस निम्म्या ओळी एकदम बाद करी, गेम लागतो का पाही, मग उरलेल्यांतल्या निम्म्या. तारमास्तरांची रीत ती हीच. १९९३च्या डॉस ६ने तर सुरुवातीलाच एक कळ दाबून ओळीओळीला ‘घेऊ की नको’ असे विचारण्याची सोय केली. गिल यांचे एक एक पाऊल चालवणे तेही हेच. आवाजासाठी वेगळी झुंज. साउंड ब्लास्टर कार्डाचा पत्ता, इंटरप्टचा क्रमांक, डीएमएचा क्रमांक हे तिन्ही बरोबर सांगितले नाहीत, तर गेम मुका होई किंवा तिथेच गोठे. वेगाचाही जाच होता. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्राम सुरुवातीला यंत्राचा वेग मोजून पाहत. नव्वदच्या उत्तरार्धात यंत्रे इतकी वेगवान झाली, की त्या भागाकाराचे उत्तर ठरलेल्या जागेत मावेना आणि प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ म्हणून जागीच थांबू लागले. यंत्र दुबळे म्हणून बंद पडणे आपण पाहिले; इथे यंत्र सशक्त झाले म्हणून बंद पडले.

मग १९९४चा नाताळ. डिस्नेने ‘द लायन किंग’ या चित्रपटावरचे चित्रकथेचे सॉफ्टवेअर बाजारात आणले, आणि त्याच सुमारास विकल्या गेलेल्या काँपॅक प्रेसारिओ संगणकांवर ते लागेना. त्या यंत्रांतला पडद्याचा नवा ड्रायव्हर, आणि गेम ज्यावर बांधला होता ते मायक्रोसॉफ्टचे ‘विनजी’, यांची एकमेकांशी गाठच घालून पाहिलेली नव्हती. अमेरिकेतल्या घरोघरच्या मुलांनी भेटीचा कागद फाडला आणि संगणक कोसळला. या नामुष्कीतून मायक्रोसॉफ्टच्या अॅलेक्स सेंट जॉन, क्रेग आयझलर आणि एरिक एंगस्ट्रॉम यांच्या हट्टाला बळ आले : गेम आणि यंत्र यांच्यामध्ये पक्का दुभाषा हवा. सप्टेंबर १९९५ मध्ये आलेला तो दुभाषा म्हणजे डायरेक्टएक्स. आज गावातला मुलगा ‘डायरेक्टएक्स टाकून बघ’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडून तो फजितीचा नाताळच बोलत असतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच. तोवर प्रत्येक गेम आपल्यापुरती यंत्राशी तडजोड करत होता. इथून पुढे एका मध्यस्थाची आवृत्ती जुळली की सगळे जुळू लागले, आणि ती चुकली की सगळेच अडू लागले.

आपल्याकडे हा थर सायबर कॅफेने आणला. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले. पुढच्या दशकात तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ कॅफे आले, एमएस-सीआयटीचे वर्ग आले आणि त्यांच्या यंत्रांवर रोड रॅश, आयजीआय आणि २००३ची व्हाइस सिटी आली. व्हाइस सिटीने तर दोषशोधनाची एक आख्खी पिढी घडवली. ‘कॅनॉट फाइंड ६४० बाय ४८० व्हिडिओ मोड’ असे खिडकीत उमटले, की ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलेला नाही हे ओळखायचे. उघडताच कोसळला, तर ‘डॉक्युमेंट्स’मधल्या त्याच्या फोल्डरमधली ‘जीटीए_व्हीसी.सेट’ ही फाइल उडवायची. जुनी मांडणी पुसली जाते आणि गेम नव्याने सुरू होतो. कितीतरी मुलांनी कॅफेतून पेन ड्राइव्हवर गेम नेला तो केवळ डेस्कटॉपवरचा शॉर्टकट. घरी त्याला दाखवायला काहीच नसे. ज्यांनी पूर्ण फोल्डर नेले, त्यांच्याकडे विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी नसत. चोरट्या सीडीवरची कुलूप तोडणारी ‘क्रॅक’ फाइल अँटिव्हायरस गुपचूप गिळून टाकी, आणि काल चाललेला गेम आज अदृश्य होई. अधिकृत सीडी त्या मुलांच्या आवाक्यात नव्हती आणि तालुक्यात मिळतही नव्हती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या पिढीवर चोरीचा शिक्का मारणे मला पटत नाही.

आणि याच दशकात तळचा थर पुन्हा उघडा पडला. भारनियमन. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसण्याची ती वर्षे. गेमची फाइल डिस्कवर अर्धी लिहून झालेली असताना लाइट जाई. आल्यावर विंडोज ९८ निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क चालवी आणि विस्कटलेले तुकडे निराळ्या नावाने ठेवून देई. गेम सुरू न होण्याचे कारण ड्रायव्हरमध्ये शोधले जाई, ते असे काल संध्याकाळी गेलेल्या विजेत. ज्या डोंगरातून मुंबईला वीज गेली, त्याच्याच पायथ्याशी हे घडत होते. स्टॅबिलायझर आणि यूपीएस ही तिथे चैन नव्हती, संगणक घेण्याची अट होती.

सर्वांत वरचे थर कुलुपांचे आहेत. १२ सप्टेंबर २००३ला ‘स्टीम’ ही गेम इंटरनेटवरून पुरवणारी सेवा सुरू झाली. पुढच्या वर्षी १६ नोव्हेंबरला ‘हाफ-लाइफ २’ आला तो दुकानातून डबा विकत घेतला तरी इंटरनेटवर नोंदणी केल्याखेरीज उघडत नव्हता, आणि पहिल्याच दिवशी सर्व्हर गर्दीने गुदमरले. २०१५च्या विंडोज १०ने ‘सेफडिस्क’ या जुन्या सीडी-कुलपाचा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने काढून टाकला, तेव्हा पैसे मोजून घेतलेल्या अस्सल सीडी निकामी झाल्या आणि क्रॅक केलेल्या प्रती मात्र चालत राहिल्या. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ११८ अॅपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला सर्व्हर थांबले आणि गावोगावच्या फोनवर गेम उघडेनासा झाला. तार शाबूत, स्पर्श शाबूत, स्मृती भरपूर, ड्रायव्हर अद्ययावत. तरी सुरू होत नाही, कारण सरकारी आदेशात. त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय २ जुलै २०२१ला आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला, मे २०२३ मध्ये परतला. दरम्यान २०२०च्या ‘व्हॅलोरंट’ने नवी अट आणली : त्याचा पहारेकरी प्रोग्राम विंडोज ११वर ‘टीपीएम २.०’ आणि ‘सिक्युअर बूट’ चालू असल्याशिवाय खेळाला आत सोडत नाही. म्हणजे गेम लावण्यासाठी मुलाला यंत्राच्या बायोसमध्ये उतरावे लागते, यंत्र स्वतःला उठवते त्या जागी, जिथे व्हीलर यांच्या ३१ आज्ञा होत्या.

या वाटेवर काही माणसे उलटीही चालली. २००२ मध्ये ‘डॉसबॉक्स’ प्रसिद्ध झाले : जुने यंत्र दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते आख्खे यंत्रच, प्रोसेसर, पडदा आणि साउंड ब्लास्टरसकट, सॉफ्टवेअरमध्ये उभे करायचे. जानेवारी २०१५ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने त्याच बळावर दोन हजारांहून अधिक डॉसचे खेळ ब्राउझरमध्ये खुले केले. त्यामुळे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आज रेंज असेल त्या वाडीत उघडता येतो, रनटाइम एररने थांबलेले जुने प्रोग्रामही हवा तितका मंद प्रोसेसर मागून चालवता येतात. अशा यंत्रात जुन्या गेमचा सेटअप उघडला, की तो साउंड कार्डाबद्दलचा १९९३ सालचाच प्रश्न विचारतो, आणि डॉसबॉक्सच्या मूळ मांडणीप्रमाणे उत्तर द्यायचे असते : पत्ता २२०, इंटरप्ट ७, डीएमए १.